चाप जड का असतो?

या सदराच्या वाचकांना माझ्या हाताचा गुण ठाऊक आहे. भिंतीवरचे घड्याळ मागे पडू लागले, शिवणयंत्र टाके सोडू लागले, कपाटाचे कुलूप किल्लीला दाद देईनासे झाले, की पत्र येते आणि मी आपले चार शब्द लिहून मोकळा होतो. बहुतेक वेळा उत्तर एकच असते : खोला, पुसा, थेंबभर तेल द्या आणि पुन्हा बसवा. आमची सौ. म्हणते, तुमच्या सदराचे नाव ‘थेंबभर तेल’ असेच ठेवायला हवे होते.

पण या खंडेनवमीनंतर सिडकोतल्या एका भगिनीचे पत्र आले आणि ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. पत्राचा आशय असा : “सासऱ्यांची जुनी दुनळी बंदूक घरात आहे. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. नवमीला पूजेसाठी ती काढली तेव्हा यजमानांच्या लक्षात आले, की तिचा चाप फार जड चालतो. त्यांना हातकामाची आवड आहे. शिवणयंत्राबद्दल आपण लिहिले होते त्याप्रमाणे बंदूक खोलून आतले भाग बारीक पॉलिशकागदाने घासून गुळगुळीत करावेत काय? कागद कोणत्या नंबरचा घ्यावा?”

एरवी पत्रांना मी सवडीने उत्तर देतो. या पत्राखाली फोननंबर होता, तो मी तत्काळ फिरवला. “बाई, बंदुकीला हात लावू नका,” एवढे आधी सांगितले आणि कारण सविस्तर लिहीन असे वचन दिले. दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते. ते वचन आज पुरे करतो.

आधी बंदुकीच्या पोटात काय असते ते पाहू. आपल्यापैकी कितीतरी जण दौलताबादचा किल्ला चढून आलेले असतील. तिथे बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले आहे आणि तिच्यावरच्या फारसी लेखात तिचे नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असे दिले आहे. एवढी थोरली तोफ, पण तिला चाप नाही, घोडा नाही, कमान नाही. मागच्या छिद्रात रंजक भरायची आणि बत्ती द्यायची. बत्ती देणारा माणूस हाच तिचा चाप. त्यानंतरची तोड्याची बंदूक घ्या. तिच्यात जळता तोडा, म्हणजे धुमसणारी दोरी, चाप ओढला की खाली येई. पुढे चकमकीच्या बंदुका आल्या. १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोका बसताच पेट घेणाऱ्या दारूच्या कळीचे पेटंट घेतले. पाखरे मारायला निघाले की चकमकीची ठिणगी पाहून पाखरे आधीच उडून जात, म्हणून या पाद्रीबुवांनी एवढी खटपट केली म्हणतात. त्यातून ‘टोपीच्या’ बंदुका निघाल्या आणि तिथून काडतुसाच्या. गेली दोनशे वर्षे बंदूक म्हणजे थोडक्यात एक हातोडी, तिला पुढे लोटणारी एक कमान आणि त्या कमानीला वेळ येईपर्यंत थोपवून धरणारी एक खाच.

या तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष द्या. घोडा अंगठ्याने मागे ओढला की खट् असा आवाज होतो. तो आवाज कशाचा? घोड्याच्या पायाशी, बंदुकीच्या आत, एक लहानशी चकती असते. तिला एक खाच असते. घोडा मागे आला की एका पट्टीचे टोक त्या खाचेत जाऊन बसते. कमान घोड्याला सगळ्या ताकदीनिशी पुढे रेटत असते आणि हे टोक त्याला अडवून उभे असते. चाप ओढला की टोक खाचेतून निसटते आणि घोडा पडतो. टोक खाचेत किती शिरते म्हणाल? ज्वारीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे. भरलेली बंदूक आणि तिच्यासमोरचे माणूस यांच्यामध्ये एवढेच लोखंड असते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मी या सदरात आजवर कधी लिहिली नव्हती.

आमचे गाव पैठण तालुक्यात, गोदाकाठी. घरात आजोबांपासूनची एक दुनळी होती, बाहेर दोन घोडे असलेली, बारा बोअरची. या ‘बारा’चा अर्थ मला पुष्कळ वर्षे कळला नव्हता. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या तर एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आजोबांच्या वेळी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, म्हणून पहिला परवाना उर्दूत होता. तो कागद फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर ठेवलेला असे. १९४८ साली राज्य गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, परवाने बदलले, पण बंदूक तीच राहिली. आजोबांनंतर ती आण्णांच्या नावावर झाली. आण्णा म्हणजे माझे वडील. ते शाळामास्तर. बंदूक त्यांच्या नावावर, पण शेत पाही ते धाकटे काका, आणि परवान्यात त्यांचेही नाव राखणदार म्हणून घातलेले होते. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. नाथसागराचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून रानडुकरे आली. काका रात्री मचाणावर बसत आणि डुकरे हुसकावायला बार काढत.

साल १९७८. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि शहरातल्या एका तंत्रशाळेत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, फिटरचे काम शिकत होतो. तिथे पहिले सहा महिने लोखंडाचा एक ठोकळा हातात देतात आणि कानशीने तो सर्व बाजूंनी काटकोनात आणायला सांगतात. तो जमला की पोराला वाटू लागते, आता जगातले सगळे लोखंड आपले ऐकणार. मलाही वाटले. नवरात्रात सुट्टीला गावी गेलो तेव्हा काका म्हणाले, “डाव्या घोड्याचा चाप फार ताठ झालाय रे. थंडीत बोट दुखतं.” मी म्हणालो, “एवढंच ना?”

परवाना होता आण्णांच्या नावावर आणि कानस होती माझ्या हातात. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा कायद्याने वेगळा परवाना लागतो हे मला ठाऊक नव्हते. आण्णांना विचारावे असे सुचलेही नाही. ते शाळेत गेल्यावर पडवीत पोते अंथरून मी बंदूक खोलली. आत वर्षानुवर्षांचे तेल वाळून डिंकासारखे झाले होते. ते नुसते पुसून बंदूक मिटली असती, तर काम तिथेच झाले असते. आज मला हे शपथेवर सांगता येईल. पण पुसणे हे कोणाचेही काम. मला माझे कसब दाखवायचे होते. खाचेची धार मला खरबरीत वाटली. तिला मी कानस लावली, मग कुरुंदाच्या दगडावर तेल घालून ती आणि पट्टीचे टोक, दोन्ही आरशासारखी चकचकीत केली. जोडल्यावर चाप असा हलका झाला, की बोट टेकवावे आणि खट्. काकांनी दहा वेळा रिकामा घोडा पाडून पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “मास्तराचं पोर, पण हातात कसब आहे,” असे ते चार लोकांना सांगत सुटले. त्या थापेची ऊब मला दोन दिवस पुरली.

खंडेनवमीची सकाळ. काका पहाटे शेतावरून आले. आल्या आल्या त्यांनी बंदूक उघडली, उजव्या नळीतले काडतूस काढले, आणि तेवढ्यात गोठ्यात दावे तोडून वासरू पळाले म्हणून कोणीतरी ओरडले. बंदूक मिटून कोपऱ्यात उभी राहिली. डाव्या नळीतले काडतूस डाव्या नळीतच राहिले.

पूजा थाटात झाली. पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ, आण्णांची टाक-दौत, माझी कानस आणि मधोमध दुनळी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. आमचे घर माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : तुळयांवर लाकडे अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी सपाट छते आमच्या मराठवाड्यात घरोघर होती. मधोमध उजेडासाठी एक झरोका ठेवलेला असे. वरती माळवदावर उडीद वाळत घातले होते. खाली माणसांची दाटी, म्हणून माझी बारा वर्षांची धाकटी बहीण वर जाऊन झरोक्याशी पालथी पडून पूजा पाहत होती. मध्येच तिच्या वेणीची रिबीन झरोक्यातून खाली लोंबे आणि आई हातवारे करून तिला मागे हो म्हणून सांगे.

आरती झाली. शेजारचे गृहस्थ प्रसाद घेऊन निघाले, तेवढ्यात काका त्यांना म्हणाले, “थांबा, पोरानं चाप कसा केलाय तो तरी बघून जा.” त्यांनी बंदूक उचलली, डावा घोडा चढवला आणि ती शेजाऱ्यांच्या हातात देण्यापूर्वी दस्ता जमिनीवर टेकवला. बोट चापाच्या जवळसुद्धा नव्हते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. दस्ता फरशीला लागला, घोडा आपोआप पडला आणि बार झाला.

त्यानंतर काही वेळ काहीच ऐकू आले नाही. वरून माती पडत होती. निरांजने विझली होती. धुरात आईचे तोंड उघडलेले दिसले, पण हाक ऐकू आली नाही. मग वरून बारीक रडे ऐकू आले आणि आण्णा शिडीकडे धावले.

बहीण जिवंत होती. बार होण्याच्या जरा आधी पलीकडच्या माळवदावरून तिच्या मैत्रिणीने हाक मारली, म्हणून तिने मान मागे वळवली होती. तेवढेच. झरोक्याच्या लाकडी चौकटीत छर्रे रुतले होते आणि काही झरोक्यातून वर गेले होते. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. फक्त उजव्या कानात शिट्टी वाजते म्हणून ती महिनाभर रडत होती, आणि शिट्टी थांबली तेव्हा त्या कानाने अर्धेच ऐकू येऊ लागले. ते तसेच राहिले. आज ती नातवंडांची आजी आहे. आम्हा भावंडांना सवय झाली आहे. तिला हाक मारायची असली, की आम्ही डाव्या बाजूने मारतो.

आण्णा स्वतः पोलिसपाटलांकडे जाऊन घडले ते सांगून आले. घरात दोष काकांवर गेला. काडतूस कोणी ठेवले? काकांनी. घोडा कोणी चढवला? काकांनी. कोणी मोठ्याने बोलले नाही, पण आईने त्यांना वाढताना त्यांच्याकडे पाहणे सोडले. काका खाली मान घालून जेवत आणि पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेत. मी सगळे पाहत होतो. घोडा आपोआप पडला हे मला ठाऊक होते आणि तो का पडला असेल याची शंकाही मनात होती. मी गप्प बसलो. वाचकहो, खाच घासली ही माझी पहिली चूक. ती अज्ञानाची म्हणून कोणी पोटात घालील. दुसरी अज्ञानाची नव्हती.

दसरा झाल्यावर आण्णांनी बंदूक पोत्यात गुंडाळली आणि मला बरोबर घेऊन एस.टी.ने शहर गाठले. जुन्या शहरात परवानाधारक बंदूकवाले एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी बाजूची पट्टी काढली, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग काढून विचारले, “इसकू कौन घिसे?”

आण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. उत्तर झाले.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी मला भिंग दिले आणि खाच दाखवली. जिथे कोपरा हवा तिथे गोलाई आली होती. ते म्हणाले ते शब्द मी अजून विसरलो नाही : “बेटा, घोडा उंगली का हुकूम सुनना, जमीन का नक्को सुनना.”

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. बंदुकीच्या आतले हे भाग बहुतेक साध्या मऊ लोखंडाचे घडवतात, कारण पार कडक पोलाद असले तर ते ठोक्याने तडकेल. पण मऊ लोखंड झिजते. म्हणून घडवून झाल्यावर ते हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात, पेटीत बंद करून, तासन्‌तास तापवतात आणि एकदम पाण्यात सोडतात. कोळशातला कार्बन लोखंडाच्या अंगात शिरतो आणि वरती एक कडक कातडी तयार होते. जुन्या बंदुकांच्या अंगावर निळ्या-तपकिरी ढगांसारखी नक्षी दिसते, ती याच भट्टीची खूण. ही कातडी बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरही जाड नसते. कानशीने ती गेली की खाली उरते ते मऊ लोखंड. पहिल्या दिवशी ते सुरेख चालते, दहाव्या दिवशी त्याची धार दबते आणि एखाद्या दिवशी दस्ता टेकवताच ते कमानीपुढे हार खाते.

“आणि चाप जड असतो तो काय कारागिराला जमत नाही म्हणून?” चाचांनी विचारले. दुनळीचा चाप साधारण दीड ते दोन किलोची ओढ घेतो. ती ओढ कारागिराने मोजून ठेवलेली असते. धक्का लागला, काटेरी झुडपात अडकला, गारठलेल्या बोटाचा नकळत भार पडला, तरी चापाने ऐकता कामा नये. माणसाने मनात आणून ओढला तरच त्याने ऐकावे. जडपणा हा तिथे दोष नाही, पहारा आहे.

चाचांनी दोन्ही भाग नवे घडवून, भट्टी देऊन बसवले. त्याला तीन आठवडे लागले. परतीच्या एस.टी.त आण्णा खिडकीबाहेर पाहत बसले होते. बिडकीन गेल्यावर एकच वाक्य बोलले, “काकांना तू सांगायचंस. मी सांगणार नाही.”

रात्री गोठ्यात काका वैरण टाकत होते. मी सांगितले. ते पेंढी हातात धरून ऐकत राहिले. मला वाटले, आता एक मुस्काटात बसेल, आणि बसली असती तर बरे वाटले असते. ते म्हणाले, “काडतूस माझंच होतं रे.” आणि पेंढीचा दुसरा हात मला धरायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पंगतीत मी सगळ्यांसमोर सांगितले. आईने काकांच्या पानात पोळी वाढली आणि त्यांच्याकडे पाहिले.

पुढे तीस वर्षे मी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणे हाच माझा धंदा होता. तिथे नवी पोरे आली की मी त्यांना आधी हे शिकवीत असे : यंत्रात दोन जातींचे पृष्ठभाग असतात. एक सरकण्यासाठी केलेला आणि दुसरा अडवण्यासाठी केलेला. सरकणारा जितका गुळगुळीत तितका बरा. अडवणाऱ्याचा कोपरा जिवंत पाहिजे. दाराच्या कडीपासून गाडीच्या गिअरपर्यंत सगळीकडे हाच नियम आहे. शिवणयंत्राला बहुतेक सरकणारेच भाग असतात, म्हणून तिथे थेंबभर तेलाने भागते. बंदुकीत मात्र दोन्ही जाती एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, आणि घरच्या दिव्याच्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी, त्या ओळखू येत नाहीत.

तेव्हा ज्यांच्याकडे रीतसर परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

बंदूक हातात आली, की दुसरे काहीही करण्याआधी ती उघडून दोन्ही नळ्या पाहाव्यात. डोळ्यांनी पाहाव्यात, बोट घालून पाहाव्यात आणि दुसऱ्या माणसाला दाखवाव्यात. पूजेच्या दिवशी तर हे दोनदा करावे, कारण सणाच्या गडबडीत वासरे सुटतात. रिकामी आहे असे दुसऱ्याने सांगितले, तरी आपण पुन्हा पाहावे. यात कोणाचा अपमान नाही.

घरी करायचे काम पुसण्यापुरतेच आहे. नळी आतून कोरड्या कापडाने पुसावी, मग पातळ यंत्रतेलाचा हात फिरवावा आणि जादा तेल टिपून घ्यावे. खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत गोठते आणि एरवी चिकट होते. आमच्या भगिनी पितळेला चिंच लावतात, तसे बंदुकीच्या लोखंडाला कधी करू नये. चिंचेच्या आंबटाने ते चार दिवसांत गंजते. चामड्याच्या म्यानात बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. पॉलिशकागद, कानस, दगड आणि पेचकस ही चौकडी तिच्यापासून लांबच ठेवावी. चाप जड वाटला तर तो बहुधा वाळलेल्या तेलाने वाटत असतो. परवानाधारक कारागीर ते साफ करून देईल आणि खाचही तपासून देईल.

काडतुसे बंदुकीपासून वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवावीत. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आपल्याकडच्या पुष्कळ दुनळ्यांनी तिथलीच काडतुसे खाल्ली आहेत. पण आजोबा-पणजोबांच्या काळच्या काही बंदुकांच्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात आणि त्यांच्या अंगावर लाकडाच्या शिरांसारखी लहर दिसते. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असतात. त्यांत आजची बिनधुराच्या दारूची काडतुसे घालणे म्हणजे नळी फाटण्याला आमंत्रण.

चौथी गोष्ट कायद्याची. १९५९ सालचा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात बनवणे आणि विकणे यांच्याबरोबर दुरुस्त करणेही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. घरात ठेवण्याचा परवाना म्हणजे कानस चालवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. परवाना हा माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क आपोआप कोणाकडे जात नाही. एकविसावे कलम सांगते, की अशी बंदूक विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलिसठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाला ती हवी असेल तर त्याने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात तो पोलिस आयुक्तालयात आणि खेड्यापाड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज देता येतो. घरोघरच्या आजोबांनी हे मनावर घ्यावे. मागे राहिलेल्यांची धावपळ वाचते.

ज्या भगिनीचे पत्र आले होते, तिचा खरा प्रश्न पॉलिशकागदाचा नव्हताच. सासरे गेल्यापासून दोन वर्षे ती बंदूक घरात बिनपरवाना होती आणि पूजेच्या हळदकुंकवाखाली ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. मी तसे फोनवर सांगितले. तिचे यजमान जरा घाबरले. मी म्हणालो, आपण होऊन जाणे केव्हाही बरे, सोबत मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना घ्या. गेल्या आठवड्यात तिचे दुसरे पत्र आले. बंदूक जमा झाली, पावती मिळाली. ठाण्यात ती उघडून पाहिली तेव्हा दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. हे शेवटचे वाक्य तिने खाली रेघ ओढून लिहिले आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

आमची दुनळी आण्णांच्या पश्चात मी अशीच जमा केली. नंतर परवानाधारक विक्रेत्यामार्फत ती दुसऱ्याकडे गेली. गावातले माळवदही उतरवले आणि त्या जागी स्लॅब पडला. उतरवताना झरोक्याची चौकट मी मागून घेतली. छर्रे अजून तिच्यात आहेत. खंडेनवमीला कानस, पकडी, मोजपट्टी यांच्याशेजारी पाटावर मी ती ठेवतो आणि तिलाही एक झेंडू वाहतो.

या वर्षी भाऊबीजेला बहीण येणार आहे. तिच्या नातवाला माझी हत्यारांची पेटी उघडून पाहायची भारी हौस. मागच्या खेपेला त्याने चौकट उचलून विचारले, “आजोबा, ही खरबरीत का? घासून चकचकीत करू?” मी उत्तर द्यायच्या आत बहीण डावा कान पुढे करून म्हणाली, “काय म्हणतोय तो?”

मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि त्या पोराला पहिल्यापासून सगळे सांगितले.